सीमाच्या शेजारी

१९९५ साल होतं. त्या वर्षी आमच्या वाडीला पहिल्यांदा बाई सरपंच मिळाली, आणि ती माझी भावजय होती, कलाबाई. पाथर्डीच्या पुढं कोरडवाहू मुलुखात आमची वाडी. दसरा झाला की निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला निघत, ती उन्हाळ्यातच परतत. सरपंच झाली म्हणून कलाबाईचं जाणं चुकणार नव्हतं. नवराबायको मिळून एक कोयता. माझ्या भावाला, मच्छिंद्रला, मुकादम एकट्याला नेणार नव्हता.

कलाबाईच्या डोक्यात एकच होतं. या खेपेला मुलांनी ऊसतोडीच्या तळावर यायचं नाही. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस होतं त्यांची मुलं मागं राहत. बाकीची आईबापांबरोबर जात, फडात धाकट्यांना सांभाळत, आणि शाळा सुटे ती सुटेच. आदल्या हंगामात एक पोर ट्रॅक्टरखाली आलं होतं. ते कलाबाईनं पाहिलं होतं. त्याबद्दल ती कधी बोलत नसे.

मी विधवा, माहेरी राहून अंगणवाडी चालवणारी. मुलांना हंगामभर ठेवायला शाळेची एक खोली आणि पडवी मिळाली, दोन म्हाताऱ्या स्वयंपाकाला तयार झाल्या, आणि मुलांजवळ निजायला मी. हो म्हणाले खरी, पण त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. एखाद्या लेकराला काही झालं, तर त्याच्या आईला मी काय सांगणार होते?

चावडीपुढं बैठक झाली. कलाबाईनं तालुक्याच्या शिबिरात ऐकलेलं भाषण केलं. मुलं शिकतील, साहेब होतील, वाडीचं नाव काढतील. बाया पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब व्हायच्या आधी रात्र निघाली पायजे, बाई." सगळ्या हसल्या आणि उठून गेल्या.

घरी आल्यावर कलाबाई चूल पेटवायला बसली. मग म्हणाली, "वन्सं, मी माझंच बोलत बसले. त्यांना काय दिसतंय ते इचारलंच न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती मला घेऊन दारोदार फिरली. भाषण नाही. तुझं पोर कसं राहिलं तर तुला तिकडं झोप लागंल, एवढंच विचारायचं. मग बाया बोलू लागल्या. एकीचं पोर अंधाराला भ्यायचं, तिला रात्रभर कंदील जळता हवा होता. एकीचा मुलगा अंथरूण ओलं करायचा. त्याला कुणी हसणार नाही, असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. पारूबाईला मुलींची निजायची जागा वेगळी हवी होती. पडवीत कुडाची भिंत घालायचं ठरलं, आणि पारूबाईनंच नवऱ्याला कामाला लावून ती घालून घेतली. 'तुमची खोली' म्हणणाऱ्या बाया 'आपली खोली' म्हणू लागल्या. कलाबाईचा चेहरा उजळत गेला. माझी काळजी मात्र दर घरागणिक वाढत होती, कारण ते सगळं मलाच सांभाळायचं होतं.

भीमनगरात राहीबाई राहायची. जमीन नाही, म्हातारं माणूस नाही, एकुलता एक मुलगा. तिनं कंदील मागितला नाही की भिंत मागितली नाही.

"माझा नितीन पंगतीत कुठं बसंल, तेवढं सांग."

हे वाडीत सगळ्यांच्या मनात होतं, पण तोवर कुणी बोललं नव्हतं. कलाबाई म्हणाली, "माझ्या सीमाच्या शेजारी."

"रोज?"

"रोज."

संध्याकाळपर्यंत ते वाडीभर झालं. दोन घरं दिलेल्या शब्दावरून फिरली. बाकीची काही बोलली नाहीत, आणि त्या न बोलण्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

निघायच्या सकाळी मुकादम सूर्यभानचा ट्रक शाळेपुढं लागला. भांडी, बाचकी, कोंबड्या चढल्या. राहणारी मुलं ताटवाटी घेऊन पडवीत उभी होती. सूर्यभान म्हणाला, "सरपंचबाई, माघारी आल्यावर पोरं आयांना वळखतील ना?" एरवी त्याच्या बोलण्यावर हसणाऱ्या बाया पडवीतल्या पोरांकडं बघू लागल्या.

नऊ वर्षांच्या सीमानं आईच्या कमरेला मिठी घातली होती. कलाबाईनं ती एकदा सोडवली, पुन्हा सोडवली. तिसऱ्यांदा तिनं सीमाला उचललं आणि वर ट्रकमध्ये मच्छिंद्रच्या हातात दिलं.

पडवीतल्या एका बाईनं लगेच आपल्या पोराचं मनगट धरलं. दुसरीनं ताट उचललं. संपलं, असं मला वाटलं. जरा सुटल्यासारखंही वाटलं.

राहीबाई ट्रकमध्ये बसली होती. ती खाली उतरली. आवाज न चढवता म्हणाली, "कलाबाई, मग नितीन कुणाशेजारी बसंल?"

तेव्हा पारूबाई पुढं आली. "आमी भिंत घातली ती काय शेळ्या बांधायला व्हय? उतरव पोरीला."

मनगट धरलेल्या बाईनं मनगट सोडलं. कलाबाईनं हात वर केले, सीमा खाली आली. मग मागं न बघता कलाबाई ट्रकमध्ये चढली.

दुपारी पंगत बसली. सीमा नितीनच्या शेजारी बसली. दोघांनीही भाकरीला हात लावला नाही. मी त्या हंगामात सलग अशी झोपलेच नाही. ताप आले, खरूज आली, एक पोर पळून पाथर्डीच्या स्टँडवर सापडलं. पण आया परतल्या तेव्हा सगळी पोरं जागेवर होती.

खोली पुढं सहा हंगाम चालली, मग सरकारी वसतिगृह आलं. फिरलेल्या घरांपैकी एकानं दुसऱ्या वर्षी मुलं ठेवली, दुसऱ्यानं कधीच नाही. सूर्यभान अपघातात गेला. पारूबाई नातवाकडं पुण्याला असते. नितीन नगरला एमआयडीसीत फिटर आहे. राहीबाईनं त्याच्याच घरी डोळे मिटले. सीमा दहावीत नापास झाली, शेवगावला दिली, तिथं शिवणकाम करते. साहेब कुणीच झालं नाही. मच्छिंद्र वारला, आणि कलाबाई पुन्हा निवडून आली नाही.

ती आता माझ्याजवळच असते. सीमाला ट्रकमध्ये का चढवलंस, असं मी एकदा तिला विचारलं. म्हणाली, "मी कुठं चढवली वन्सं? ती पडवीतच हुती की."