गाडी चालू ठेवून आलेले पाहुणे

ज्या वर्षी बन्सीलाल पाटलांच्या धाकट्या लेकीला, सुषमाला, लग्नानंतर अकरा वर्षांनी जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. सुषमा बाळंतपणाला उधन्याला माहेरी आली होती. दोन पाळणे टांगायला घरात जागा नव्हती, म्हणून एकाच पाळण्यात दोन्ही पोरं उलटसुलट निजवायचे. एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे. एक रडलं की दुसरं त्याची लाथ खाऊन उठायचं. त्या गोंधळातच, दिवाळीच्या सुट्टीत कारखान्यांची धुराडी थंड होती त्या आठवड्यात, बन्सीलालच्या नातीला, गायत्रीला बघायला चौथं स्थळ आलं.

आधीची तीन का गेली, ते सगळ्या गल्लीला पाठ होतं. गायत्री डिप्लोमा झालेली, इच्छापोरच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होती. पहिला मुलगा बोलता बोलता म्हणाला, आमच्या कंपनीची क्रेन पन्नास टन उचलते. ही म्हणाली, "तिच्या अंगावरच वीस टन लिहिलेलं असतं." दुसऱ्याच्या काकांनी पंखा जोरात फिरवला तर वीज कशी वाचते ते समजावून सांगितलं, आणि हिने ते तसं नसतं हे समजावून सांगितलं. तिसऱ्या लोकांनी पहिल्या दोघांकडून ऐकलं आणि यायचंच रद्द केलं.

"हे सगळं तुमचं करणं," कलाबाई नवऱ्याला म्हणायची. "पोरीच्या हातात बाहुली द्यायची सोडून पाना दिला."

त्यात खोटं काही नव्हतं. बन्सीलालने पांडेसऱ्याच्या एका रंगाई कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. गायत्री सात-आठ वर्षांची असल्यापासून आजीबरोबर डबा घेऊन यायची. आजोबा जेवत असताना ती बॉयलरच्या काचेच्या नळीतलं पाणी बघायची आणि "आप्पा, पाणी खाली गेलं!" म्हणून ओरडायची. पाणी खाली गेलेलं असायचंही. तेव्हा बन्सीलालला नातीचं कौतुक वाटायचं. आता तीच नात चूक दिसली की बोलून मोकळी होते आणि स्थळं मोडतात, तर बोल कुणाला लावायचा? चौथंही मोडलं, तर पाचवं येणार नाही, असं कलाबाईने आधीच बजावलं होतं. बन्सीलाल वरून हसायचा, पण त्या आठवड्यात त्याला जेवण गोड लागलं नव्हतं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच कलाबाईने नातीला बसवून सांगितलं, "आज तोंडात सुपारी धरून बसायचं. विचारतील तेवढंच बोलायचं."

"आणि त्यांनी चुकीचं विचारलं तर?"

"तर चुकीचंच उत्तर दे, माय. एक दिवस!"

बेत वरण-बट्टीचा होता. बट्ट्या उकडून कापून ठेवल्या होत्या. पाहुणे टेकले की कढईत सोडायच्या, म्हणजे पसंतीची बोलणी होईपर्यंत ताटं तयार. गायत्रीचा बाप वाल्मिक स्वयंपाकघर आणि बैठक यांच्या मधल्या दारात उभा होता. तिथून त्याला दोन्हीकडे लक्ष ठेवता येत होतं.

अकराच्या सुमाराला एक पांढरी गाडी दारासमोर येऊन थांबली. जुनी घेतलेली, पण धुऊनपुसून लख्ख. मुलगा हेमराज, पांडेसऱ्यातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. बरोबर त्याची आई शोभाबाई आणि मामा ललित. वडील हेमराजच्या लहानपणीच गेलेले, म्हणून मामाच कर्ता. तिघं उतरले, दारं बंद झाली, हेमराजने किल्ली खिशात टाकली आणि चपला काढून आत आला.

गाडी चालूच होती.

बन्सीलालला ते ऐकूच गेलं नाही. बॉयलरने त्याचे अर्धे कान कधीच खाल्ले होते. तो तोंड भरून म्हणाला, "बठा, बठा! रस्ता सापडला ना?"

पण वाल्मिकने ऐकलं. दारातून वळून तो स्वयंपाकघरात गेला आणि हळूच म्हणाला, "बट्ट्या टाकू नका."

"काय व्हयनं?" कलाबाईने झारा खाली ठेवला.

"गाडी चालू ठेवूनच आलेत. बसायला आलेले नाहीत ते. तोंड दाखवून निघायचं ठरवून आलेत."

कलाबाईने खिडकीतून पाहिलं. गाडी खरोखरच थरथरत उभी होती आणि धूर थेट गल्लीत, समोरच्या भाभीच्या वाळत घातलेल्या पापडांवर जात होता. "माय वं! पोरगी बघायला आले की पत्ता विचारायला?"

"दुकानातून दूध घ्यायला उतरतात तसे उतरलेत," वाल्मिक म्हणाला. "एवढी घाई होती, तर फोनवरच नाही म्हणायचं."

घरात आलेल्या माणसाने गाडी चालू ठेवणं म्हणजे पानावर बसून चप्पल न काढण्यासारखं. त्यामुळे चहाही थांबला. गायत्रीने पदर सावरून ट्रे उचलला होता, तो तिच्या हातातून काढून घेतला गेला. फक्त पाळण्यातली पोरं खूश होती. सकाळपासून किरकिरणारी दोघं त्या घुरघुरीने गाढ झोपली होती, आणि सुषमा पहिल्यांदाच हात मोकळे सोडून बसली होती.

बाहेर बैठकीत बन्सीलाल एकटाच बोलत होता. पाणी नाही, चहा नाही. मामांनी एकदा घड्याळ पाहिलं. शोभाबाई खिडकीतून गाडीकडे बघत होती आणि तिचा चेहरा घट्ट झाला होता. बन्सीलालला वाटलं, बाईला आपलं घर आवडलेलं नाही. त्याने आत वळून हाक मारली, "अगं, चहाचं काय?" चहा काही आला नाही. त्याच्या पायाखालच्या फरशीला बारीक थरथर जाणवत होती. त्याला वाटलं, शेजारचे कापडाचे लूम सुट्टीतही चालू केले की काय.

आणि तेवढ्यात थरथर थांबली. गाडी आपोआप बंद झाली.

त्याबरोबर पाळण्यातली दोन्ही पोरं एकदम जागी झाली आणि टिपेच्या सुरात रडायला लागली. कलाबाई खिडकीकडे धावली. गाडीत कोणी नव्हतं. "अहो, गाडी मेली!" ती बाहेर येऊन म्हणाली. "डिझेल संपलं वाटतं पाहुण्यांचं!"

हेमराजला हसू आवरेना. "संपलं नाही, आजी. ती तीन मिनिटांनी स्वतःच बंद होते. मी टायमर बसवलाय."

"टायमर?" वाल्मिक आता दारातून पुढे आला. त्याच्या आवाजात अजून धार होती. "म्हणजे तुम्ही चालू ठेवली नव्हती?"

"मी किल्ली काढली. बाकी ती तिची ती चालते."

मग हेमराजने सगळं सांगितलं. गाडीला टर्बो असतो, धुराच्या जोरावर फिरणारं एक चाक. ते मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि तापून लाल होतं. त्याला थंड ठेवतं ते इंजिनचं तेल. इंजिन तडक बंद केलं की तेल थांबतं आणि आत करपून बसतं. म्हणून थोडा वेळ चालू ठेवायचं. आणि माणसाने गाडीत बसून राहायला नको, म्हणून हा टायमर. कंपनीचा नव्हे, मी स्वतः बसवलेला, असं त्याने शेवटी जरा छाती काढून सांगितलं.

त्याला दोन-तीन शब्द मोठ्याने परत बोलावे लागले, पण बन्सीलालला ते कळलं आणि मनापासून आवडलं. "बरोबर आहे!" तो म्हणाला. "आग पेटलेली असताना पाणी बंद केलं तर नळ्या जळतात. आमच्याकडे एका पोऱ्याने केलं होतं. चार दिवस कारखाना बंद." पोरगा यंत्राची काळजी घेतो, म्हणजे माणसाचीही घेईल, असा हिशेब त्याने मनातल्या मनात करून टाकला. वाल्मिकचाही चेहरा सैल झाला. त्याने आत वळून बोट हलवलं, आणि पहिली बट्टी तेलात पडल्याचा चर्र आवाज आला.

गायत्री चहा घेऊन आली. ट्रे ठेवला. खाली बघून बसली. कलाबाईने तिच्यामागे उभं राहून डोळ्यांनीच सुपारीची आठवण करून दिली.

मामांनी विचारलं, "शिक्षण काय?" तिने सांगितलं. "कामावर किती वाजता जाते?" तिने सांगितलं. मग मामा हसून म्हणाले, "मग तुला आमच्या हेमराजचा टायमर पटला असेल. तू त्याच लायनीतली."

प्रश्न तिला सरळ विचारलेला होता. गायत्रीने आजीकडे पाहिलं. आजीने मान हलवली, म्हणजे पटला म्हण.

"घरून निघून इथे येईपर्यंत किती वेळ लागला?" गायत्रीने हेमराजला विचारलं.

"वीस मिनिटं. ट्रॅफिक होतं."

"पुलाखाली अडकलात?"

"अडकलो ना. मुंगीच्या चालीने आलो."

"मग टर्बो तापला कधी?"

कलाबाईने डोक्याला हात लावला.

हेमराज म्हणाला, "पण गरम तर असणारच."

"असेल. पण मुंगीच्या चालीने येताना तेल फिरतच होतं ना? शेवटची दहा मिनिटं गाडी हळू आली की टर्बो दारात येईपर्यंत निवलेला असतो. उतरल्यावर तीन मिनिटं धूर काढून काय मिळतं?" एवढं बोलून तिला आपण किती बोललो ते कळलं, आणि ती बन्सीलालकडे वळली. "आप्पा, तुम्हीच सांगा. अर्धा तास आधीपासून कोळसा टाकायचा थांबवला असेल, तर शेवटी थांबायचं कशाला?"

आता सगळे बन्सीलालकडे बघायला लागले. वाल्मिकच्या डोळ्यांत एकच होतं, नाही म्हणा. कलाबाईने तर त्याच्या पाठीत बोट रुतवलं. मुलाच्या बाजूने बोलायला त्याला एक वाक्य पुरलं असतं, आणि ऐकू आलं नाही म्हणायची सोयही होती. आजवर त्याने ती सोय कितीदा वापरली होती.

पण पोरीने नळीतलं पाणी दाखवलं होतं, आणि पाणी खाली गेलेलं होतं.

"पोरगी बरोबर बोलते," बन्सीलाल म्हणाला. "आग आधीच उतरवली असेल, तर शेवटी थांबायची गरज नाही. आम्ही सुट्टीच्या आदल्या दिवशी तसंच करायचो." मग पाहुण्यांकडे हात जोडून तो म्हणाला, "राग मानू नका. हिला मीच असं शिकवलं."

शोभाबाईचा चेहरा इतका वेळ घट्ट होता तो थरथरायला लागला. बन्सीलालला वाटलं, बाई आता उठणार. ती उठली नाही. तिने पदर तोंडाला लावला, तरी हसू फुटलंच.

"वरीस झालं मी याला सांगते!" ती हसता हसता म्हणाली. "रोज संध्याकाळी दारात तीन मिनिटं धूर. शेजारीण माझ्याशी बोलायची बंद झाली. देवाची आरती धुरात. मी म्हटलं की हा म्हणतो, आई, तुला मशिनीतलं काय कळतं? आता बोल! बोल की आता!"

"आई..." हेमराज लाल झाला.

"आजसुद्धा येताना म्हटलं, नव्या घरी जातोय, ती भुणभुण बंद ठेव. ऐकलं का? इतका वेळ मी खिडकीतून तेच बघत बसले होते, कधी एकदाची बंद होते."

ललित मामा चहाचा कप खाली ठेवून हसायला लागले. ते बघून वाल्मिक हसला, आणि बट्ट्या का थांबवल्या होत्या तेही त्याने सांगून टाकलं. मग तर मामांना ठसकाच लागला.

हेमराज मात्र विचारात पडला होता. तो म्हणाला, "बरं, गावात नको, मानलं. पण आम्ही गावी जातो तेव्हा कोंडाईबारीचा घाट चढून वर हॉटेलात थांबतो. तेव्हा?"

"गाडी भरलेली असते?"

"मामी, आई, तीन पोती, डाळीचा डबा."

"मग तिथे थांबायलाच पाहिजे," गायत्री म्हणाली. "चढ चढून लगेच बंद नाही करायची. एक-दोन मिनिटं गाडीत बसा, पाणी प्या, मग उतरा. त्याला टायमर नाही लागत. पण विसराळू माणसाला तो चांगला."

"मी विसराळू आहे," हेमराजने लगेच कबूल केलं.

"मग काढू नका. त्याला एक बटण लावा. घाटात चालू, गावात बंद."

"कुठे लावू?"

"बघावं लागेल."

आणि दोघं सगळ्यांच्या देखत उठून बाहेर गेले, गाडीचं बॉनेट उघडलं आणि आत वाकले. कलाबाई म्हणाली, "अहो, पोरगी हात काळे करून येईल!" शोभाबाई म्हणाली, "होऊ द्या. बट्टी चमच्याने खाईल." बट्ट्या थंड झाल्या, पुन्हा तळल्या, आणि दोघांना तीनदा हाक मारावी लागली. जेवणं झाल्यावर मामांनी तिथेच सुपारी फोडली.

लग्न माघात झालं. वऱ्हाड निघताना बटण बंद होतं. तरी सजवलेली गाडी घरासमोर उगाच चालू ठेवावी लागली, कारण सुषमाची जुळी रडत होती आणि त्यांना दुसऱ्या कशानेच झोप येत नव्हती. गायत्री गाडीत रडत होती, हेमराज डिझेलचा काटा बघत होता, आणि बन्सीलाल बॉनेटवर हात ठेवून उभा होता. शेवटी कलाबाई ओरडली, "अहो, हात काढा, त्यांना जाऊ द्या!" तेव्हा त्याने हात काढला.

पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गायत्री माहेरी आली. गाडी दाराशी लागली आणि लगेच बंद झाली. बन्सीलालने फरशीवर पाय टेकवून खात्री केली आणि म्हणाला, "हळू आलेत." संध्याकाळी त्याने दोन घास जास्त खाल्ले आणि जावयाला बॉयलरच्या चार गोष्टी सांगितल्या, ज्या त्याने आधीही सांगितल्या होत्या.

बन्सीलाल पाटील आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, ११ मे २०२४ रोजी सकाळी, उधन्यातल्या राहत्या घरी झोपेत वारले. त्यांचं वय सत्त्याहत्तर होतं.