माझा आवाज बंद केला त्या दिवसापासून

मित्रांनो, मी टेनिसची एक जुनी रॅकेट आहे आणि आधीच कबूल करते, माझ्या अंगात ताकद बेताचीच. फ्रेम बारीक, वजन भारी, जाळी लहान. नुसता हात लावला की चेंडू सुसाट सुटावा, असलं काही माझ्याकडे नाही. पण जो मनापासून फटका मारेल, त्याचा चेंडू मी तो म्हणेल तिथे टाकते. आता माझा रंग उडालाय, तरी हा तोरा काही गेलेला नाही.

कारखान्यातून मी आले ती थेट मैदानालगतच्या एका पत्र्याच्या दुकानात. दुकानाचे मालक रॅकेटींच्या तारा ओढायचे, म्हणजे गटिंग करायचे. सगळे त्यांना तारवाले काका म्हणत. त्यांचं सगळं काम कानावर. तारा ओढून झाल्या की रॅकेट तळहातावर आपटायची, मान तिरकी करून ऐकायचं आणि सांगायचं, "अजून ढिली आहे." यंत्राचा काटा काहीही म्हणो, काकांचा कान म्हणेल तेच खरं. आणि तो कान सहसा चुकतही नसे.

त्यांची मुलगी बारा वर्षांची. मैदानभर गरगर फिरायची, म्हणून तिला भिंगरी म्हणत. तिच्यासाठी रॅकेट निवडायची वेळ आली, तेव्हा काकांनी दुकानातल्या आम्हा तीन रॅकेटींना सरावाच्या भिंतीसमोर नेलं. वहीत तीन रकाने आखले. चेंडू हाताला किती कळतो, जोर किती मिळतो आणि चेंडू कडेला लागला तर रॅकेट किती स्थिर राहते. मग प्रत्येक रॅकेटने त्यांनी स्वतः पन्नास-पन्नास चेंडू मारले. पहिली भलतीच दांडगी निघाली, तिचे चार चेंडू भिंतीच्या पलीकडे गेले. दुसरी हलकी, सगळ्यातच ठीकठाक. मला पहिल्या रकान्यात दहापैकी नऊ, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात आठ. मी अशी काही फुगले म्हणून सांगू!

भिंगरी म्हणाली, "बाबा, मला ती दुसरी बरी वाटते. हलकी आहे."

"हलकी आहे म्हणून घ्यायची नसते गं. हिची सवय लागू दे, मग दुसरी हातात धरणार नाहीस," मला तिच्या हातात देत काका म्हणाले.

ती बरं म्हणाली. मापं घेतली ती काकांच्या हाताने, खेळायचं होतं तिच्या हाताने. हे माझ्याही ध्यानात आलं नाही. मी आपली नऊच्या आकड्यात गुंग.

पुढची दोन वर्षं सुखाची गेली. शिकवणाऱ्या मॅडम सगळ्यांना सांगायच्या, "बघा, ही चेंडू मारत नाही, ठेवते." मला वाटायचं, हे माझंच कौतुक चाललंय. भिंगरी घरी गेल्यावर माझी मूठ पुसायची, मला उन्हात किंवा ओलीत ठेवायची नाही. सांगायला हरकत नाही, माझे फार लाड झाले.

मग समोर थोराड मुली येऊ लागल्या. त्यांचे चेंडू असे आदळायचे की मी तिच्या मुठीत वळायची. काकांनी माझ्या दोन्ही कडांना शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या. मी स्थिर झाले, पण जडही झाले. नेम आणखी पक्का व्हावा म्हणून त्यांनी तारा आणखी ताणल्या. त्या दगडासारख्या तारांवर चेंडू आदळला की त्याचा हिसका माझ्यात मावेना. तो सरळ मुठीतून तिच्या कोपरात जायचा. मी थांबवायला बघितलं, पण मी कशाने थांबवणार? मला काय हातपाय आहेत?

थोड्याच दिवसांत तिची करंगळी माझ्यावरून उचलली जाऊ लागली. मग तिच्या शेजारचं बोटही. दोन्हींत मला धरायचा जोरच उरेना. हे जगात फक्त दोघींना माहीत होतं, एक तिला आणि एक मला.

एकदा ती धीर करून म्हणाली, "बाबा, मारलं की हातात झिणझिण्या येतात."

काकांनी मला तळहातावर आपटलं. तारा झणझणल्या. "हो, आवाज फार आहे खरा," म्हणाले आणि तारांमध्ये एक रबरी बटण बसवलं. पुन्हा आपटलं. नुसतं थप्प. काकांचा चेहरा खुलला. "गेलं की नाही?"

मित्रांनो, त्या बटणाने तारांचा आवाज जातो, हिसका जात नाही. तो होता तेवढाच होता. जन्मभर कानाने काम केलेल्या माणसाला वाटलं, आवाज गेला म्हणजे सगळं गेलं. भिंगरीने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो, गेलं." ती खोटं बोलतेय हे कळूनही मला हूं की चूं करता आलं नाही. होता तो आवाजही काकांनी बंद केला होता.

निवड स्पर्धेच्या सामन्यात दुसरा सेट चालू होता. सर्व्हिससाठी तिने मला वर नेलं आणि तिची बोटं उघडली. मी जाऊन सिमेंटवर आदळले. पंचांनी रॅकेट फेकल्याबद्दल ताकीद दिली. तिने सामना सोडला. काका धावत आले आणि त्यांनी आधी मला उचललं. फ्रेमवरून बोट फिरवून तडा गेलाय का ते पाहिलं. मग तिला म्हणाले, "रॅकेट आपटतेस? हे शिकवलं मी तुला?"

भिंगरीने उजवं कोपर डाव्या हातात धरलं. तिची आई मागून येऊन हळू आवाजात म्हणाली, "अहो, ती रॅकेट ठेवा खाली. तिचा हात बघा."

डॉक्टरांनी तीन महिने हात हलवू दिला नाही. काकांनी माझ्या तारा कापल्या, पट्ट्या खरवडून काढल्या आणि मला खिळ्याला टांगलं. ते फार खचले. गिऱ्हाईक आलं की आता ते रॅकेट कानाशी नेत नाहीत, आधी त्याचं कोपर दाबून बघतात. भिंगरीसाठी त्यांनी एक हलकी रॅकेट आणली आहे, सैल तारांची. रोज विचारतात, "दुखत नाही ना गं?" ती म्हणते, "अजिबात नाही." सोमवारपासून ती पुन्हा खेळणार आहे. काका पुन्हा शीळ घालू लागलेत.

काल ते पाणी आणायला गेले, तेव्हा तिने मला उजव्या हाताने खिळ्यावरून काढलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उचललेलंच होतं. तिला मला छातीपर्यंतही उचलता आलं नाही. तिने चटकन डावा हात लावला आणि मला जागेवर ठेवलं. काका आले आणि म्हणाले, "काय करतेस?"

"काही नाही बाबा, धूळ पुसत होते."

मित्रांनो, माझी निगा कोणी राखली नाही तरी चालेल. पण तुमच्यापैकी कोणी त्या दुकानावरून जात असेल, तर सोमवारच्या आत काकांना एवढं सांगा, की तिचा हात अजून बरा झालेला नाही.