भुंडा बोकड

गोठ्यात एकोणीस शेळ्या होत्या. तेरा व्यालेल्या, सहा कधीच न व्यालेल्या. एकोणिसांत एकीलाही शिंग नव्हतं.

शेजारच्या गवंड्याच्या बापाकडे एक बोकड होता. त्याने आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, डाव्या डोळ्यात शिंग खुपसलं, आणि तेव्हापासून शिंगाचं जनावर आमच्या दारात टिकलं नाही. करडाच्या डोक्यावर अंकुर हाताला लागला, की ते विकायचं. बोकडही भुंडा, शेळ्याही भुंड्या.

त्या सहांतली एक काकूने धरून ठेवली होती. मान बोकडासारखी जाड, अंगाला उग्र वास आणि शेपटीखाली वाटाण्याएवढी गाठ. ना शेळी, ना बोकड.

"बघा!" आबा खेकसले. "हिचा हात लागला की कूस आटते. स्वतःची उजवली नाही, आता माझ्या शेळ्यांच्या मुळावर उठली."

"मग नका लावू देऊ हात," काकू म्हणाली. "उद्यापासून धारा तुम्ही काढा, लेंड्याही तुम्हीच भरा."

"तोंड बघा हिचं! खाण तशी माती."

"माझ्या आईला पाच झाली, आबा. खाणीचं नाव कशाला काढता?"

चारा तोडणाऱ्या काकांचा विळा थांबला. मान मात्र वर झाली नाही.

"पुढच्या वेताला पुन्हा असं करडू निघालं, तर ही माहेरी," आबांनी निकाल दिला. "कायमची."

मी शिकून नुकतीच घरी आले होते. न राहवून म्हणाले, "आबा, दोष बोकडाच्या जोडीत आहे."

"बोकडात? तेराच्या तेरा गाभण ठेवतो तो!"

"ठेवतो. पण तोही भुंडा, शेळ्याही भुंड्या. प्रत्येक करडात नाही, पण ज्या मादीत भुंडेपणा आई आणि बाप दोघांकडून उतरतो, ती अशी निपजते. एका बाजूने तरी शिंग हवं. गवंड्याने आपल्याकडूनच भुंड्या शेळ्या नेल्या, पण त्याचा बोकड शिंगांचा. त्याच्याकडे अशी एक तरी दाखवा."

"चार बुकं शिकलीस म्हणून माझा दुसराही डोळा फोडतेस? तो बोकड या दारात?"

"दारात नको," काकू म्हणाली. "शेळ्या मीच तिकडे नेते. याच हाताने. चोर सोडून संन्याशाला सुळावर देताय, निदान चोर तरी बघून घ्या."

"ने. पण गाठोडं बांधून ठेव."

तिने ते त्याच संध्याकाळी बांधलं आणि गोठ्यातल्या खुंटीला टांगलं, आबांच्या खाटेवरून दिसेल असं.

चिखलातून आम्ही माजावर आलेली पहिली शेळी हाकत नेली. गवंडी कुंपणावर हात टेकून हसला. "म्हातारा गेला की काय तुमचा? तो असताना तुमची शेळी माझ्या अंगणात?"

"आहे. तोंडही शाबूत आहे," काकू म्हणाली. "तुम्ही बोकड सोडा."

मग बाकीच्या बाराही माजावर येतील तशा एकेक करून तिकडे जात राहिल्या. आमचा भुंडा काकांनी मागच्या खोपीत कोंडला. कोणी न सांगता त्यांनी केलेलं ते पहिलं काम असावं.

शेळ्या व्यायल्या तेव्हा ऊन चढू लागलं होतं आणि गोठ्यातली माती भुसभुशीत झाली होती. आबांनी वाट पाहिली. शेवटची शेळी मोकळी झाल्यावर सकाळी दारातच बसले आणि एकेक करडू मांडीवर आडवं घेऊन शेपटी उचलू लागले. एका डोळ्यावर भरवसा नव्हता, म्हणून बोटांनी चाचपत होते.

"ही बघ गाठ!" ते ओरडले. "बघ! बांधलंयस ना गाठोडं?"

काकू वाकली. ओल्या फडक्याने एकदा पुसलं. "लेंडी आहे."

आबांनी पुन्हा चाचपलं, मग करडू खाली सोडलं. पुढच्याच्या डोक्याला बोट लागलं आणि चटका बसल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला. तरी तेही तपासलं. काकू खुंटीजवळ उभी होती. काका तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"मोज," आबा मला म्हणाले.

मी मोजलं. तेरा शेळ्यांपैकी बारा व्यायल्या, एक उलटली, गाभण राहिलीच नाही. करडं एकवीस. नर दहा, माद्या अकरा. माद्यांपैकी शिंगांचे अंकुर पाचजणींना, भुंड्या सहा. अधलंमधलं एकही नाही.