जिव्या आनंदाने घरी गेला

चिंचणीला भातगिरणीवाल्या आप्पांच्या चिकूच्या वाडीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं झाडांवर चढली होती आणि बायका कुंपणाला टेकून माना उंचावत होत्या. मधोमध पाटावर खडेबाबा बसला होता. त्याच्यापुढे सात वर्षांची चंद्रकांता हात पसरून उभी होती. तिच्या मनगटावर कुत्र्याचे दात रुतले होते. मागून तिची आई मंदा तिला घट्ट धरून होती.

बाबाने जखम पात्याने जराशी खरवडली. रक्ताचा थेंब वर येताच त्याने डबीतला काळा खडा त्यावर टेकवला आणि हात काढून घेतला. खडा तसाच चिकटून राहिला. वाडीभर "आऽऽ" झालं.

"बघा, बघा! कसा तुटून पडलाय विषावर!" बाबा ओरडला. "ह्यो खडा नव्हं, नागलोकीचा वैद्य हाय! फी नाय, बाटली नाय, सुई नाय. पोट भरल्याबिगर सोडायचा नाय, आन भरल्यावर घटकाभर थांबायचा नाय!"

थोड्या वेळाने खडा गळून पडला. बाबाने तो दुधाच्या वाटीत सोडला आणि दुधातून बारीक बुडबुडे वर आले. "ओकतोय! विष ओकतोय!" म्हणत त्याने वाटी साऱ्यांसमोर फिरवली. काही बायकांनी हात जोडले.

"आता पथ्य ऐक, बाई. दवाखान्याची सुई टोचलीस तर खडा रुसला. सुई आन खडा एका अंगात नांदत नाय. आन या वाडीत परत पाऊल टाकायचं नाय. तू मागं फिरलीस, की विष मागं फिरलं."

पथ्य मोठं सोयीचं होतं. पण नक्की कुणाच्या सोयीचं, हे विचारायला त्या गर्दीत कुणी शुद्धीवर नव्हतं. मंदाने लेकीला कडेवर घेतलं आणि ती घरी आली.

घरी आली, पण जीव थाऱ्यावर येईना. चंद्राला चावलेला लाल कुत्रा खाडीच्या अंगाला पळाला होता आणि पुन्हा कुणाला दिसला नव्हता, त्यामुळे तो पिसाळलेला होता की नाही हे कळायला वाटच नव्हती. रात्रीतून दहादा ती उठायची, चंद्राच्या कपाळाला हात लावायची, तिला पाणी प्यायला लावायची आणि तिच्या घशाकडे टक लावून बघत बसायची. नवरा नरहरी तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर होता. तो कामावरच मुक्कामाला असायचा, आठवड्याने घरी यायचा आणि वडिलांच्या शब्दाबाहेर नव्हता.

वडील म्हणजे धर्माजी. त्यांच्या शब्दाला गावात वजन होतं, कारण दर शनिवारी 'लाटवार्ता' हे साप्ताहिक ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवायचे ते धर्माजीच. निम्म्या आळीला अक्षर येत नव्हतं. धर्माजींच्या तोंडून आलं म्हणजे ते घडलं, असा रिवाजच पडला होता. ऐकणारे कंटाळतात म्हणून "असे कळते", "असे सांगितले जाते" असली शेपटं ते वाचताना खुशाल गाळायचे.

"मामंजी, पालघरला नेऊ का हिला? सुया घेऊन टाकू," मंदाने विचारलं.

"येडी झालीस? सुई टोचली की खडा गेला! ह्या बघ, छापलंय." त्यांनी पावसाळ्यातला जपून ठेवलेला अंक पुढे केला. "सालवडच्या पलीकडल्या पाड्यावरचा जिव्या. पिसाळल्याला कुत्रा चावला व्हता. बरा झाला! छापलंय ता खोटा कसा असल?"

मंदा तो अंक पदराखाली घेऊन शाळेत गेली. मुलींच्या शाळेतल्या मंगलाबाई चंद्राला सुया द्या म्हणून आधीच दोनदा घरी येऊन धर्माजींची बोलणी खाऊन गेल्या होत्या.

"बाई, तुमी वाचा. मला चौथीपर्यंतचंच येतं. कुठं अडकतंय तेवढं सांगा."

मंगलाबाईंनी बातमी वाचली आणि कागद तिच्याकडे फिरवला. "तूच सांग. यात बोलतंय कोण कोण?"

मंदाने बोट ठेवत वाचलं. "बाबा बोलतोय. मग आप्पा बोलतायत. मग वार्ताहर म्हणतोय, चमत्कार झाला."

"वार्ताहर उतरला कुठे होता?"

ते गावाला ठाऊकच होतं. आप्पांचा टांगा त्याला बोईसर स्टेशनवर घ्यायला गेला होता आणि जेवणही आप्पांकडेच झालं होतं. आप्पांच्या भातगिरणीची जाहिरात तर प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर असायची.

"आणि जिव्या काय म्हणतो?"

मंदा शोधत राहिली. शेवटी एकच ओळ सापडली. 'खडा गळून पडताच जिव्या आनंदाने घरी गेला.' तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "त्याच दिवशीचं हाय हे. घरी गेल्यावर त्याचं काय झालं?"

"बातमी तिथेच संपते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मंदा कुणाला न सांगता निघाली. चंद्राला चावून तेव्हा आठवडा होत आला होता. पाड्यावर पोहोचेपर्यंत तिने वाटेतल्या प्रत्येक देवाला हात जोडले. जिव्या अंगणात बसलेला दिसू दे, एवढंच तिचं मागणं होतं. तो दिसला असता तर ती सुखाने घरी येऊन झोपली असती.

झोपडीपुढे जिव्याची बायको नवसी नाचणी पाखडत होती.

"जिव्या हाय का?"

नवसीने सूप खाली ठेवलं. "मेला तो. दिवाळीच्या अगोदर."

मंदा तिथेच मातीत बसली.

नवसी शांतपणे सांगत गेली. तिचं रडून केव्हाच झालं असावं. "आधी चावल्याली जागा वळवळाय लागली. मंग पान्याला भ्याला. वारा लागला तरी वरडायचा. बाबाकडं नेला आमी. बाबा दारातूनच म्हनला, परत आलास, पथ्य मोडलास, जा. मंग बांधून ठेवला त्याला. पानी पानी करीत गेला आन पानी दिला तं फेकून द्यायचा."

"पेपरवाला नाय आला नंतर?"

"कोन पेपरवाला?"

मंदाने अंक उलगडला. आपल्या नवऱ्याचं नाव कुठे तरी छापलं गेलंय, हे नवसीला माहीतच नव्हतं. तिने मंदाला नाव दाखवायला लावलं आणि त्यावर बोट ठेवलं. "यात काय लिवलाय?"

"जिव्या बरा झाला. आनंदाने घरी गेला."

नवसीने त्या काळ्या अक्षरांवरचं बोट काढून घेतलं. "घरी तं आला व्हता," ती म्हणाली. "त्याच्या फुडचा नाय लिवला?"

मंदा पाड्यावरून परत आली ती धावतच. शनिवार होता. ओट्यावर माणसं जमली होती, धर्माजींनी चष्मा चढवला होता. येता येता मंदाने मंगलाबाईंनाही सोबत घेतलं होतं आणि खड्याची युक्ती वाटेत त्यांच्याकडून समजून घेतली होती. मंदाने चुलीजवळच्या फुटक्या मडक्याची कोरडी खापरी उचलली, विळीवर अंगठा घासला आणि रक्ताच्या थेंबावर ती टेकवली. खापरी चिकटून राहिली. लोक पुढे सरकले. तिने ती काढून दुधात टाकली, आणि दुधातून बुडबुडे आले.

"मला कुठला कुत्रा चावला, मामंजी? मडक्याला कुठून आलं विष?"

"कोरड्या, सच्छिद्र वस्तूत हवा असते," मंगलाबाई म्हणाल्या. "ओलं लागलं की ती वस्तू ते शोषते आणि चिकटते. दुधात टाकली की आतली हवा बाहेर येते. तुमच्या बाबाचा खडाही असाच काही तरी, जाळलेलं हाड असेल."

"पन पेपरात..." धर्माजी पुटपुटले.

"जिव्या मेला, मामंजी! दिवाळीच्या अगोदर मेला! त्याच्या बायकोच्या तोंडून ऐकून आलेय मी. जे बरे झाले म्हणतात त्यांना चावलेला कुत्रा पिसाळलेलाच होता कशावरून? आन जे मेले ते त्या वाडीत कुणाला दिसणार? परत येऊ नका म्हणून बाबानंच सांगून ठेवलंय! मी निघाले पालघरला. अडवायचं तर माझ्या अंगावरून जा."

धर्माजींनी अडवलं नाही. चष्मा काढून ते उठले, आत गेले आणि झोपलेल्या नातीला खांद्यावर घेऊन बाहेर आले.

पालघरला डॉक्टर उशिराबद्दल चार शब्द बोलले आणि लागलीच पोटात सुया सुरू केल्या. चंद्रा किंचाळायची, मंदा तिचे पाय धरून रडायची. सुया संपल्या तरी धास्ती संपली नाही. होळीपर्यंत मंदा रोज लेकीपुढे पाण्याचा पेला धरायची आणि ती प्यायली की मगच स्वतः घोटभर घ्यायची.

चंद्रा जगली. तोवर खडेबाबा डबी घेऊन परागंदा झाला होता. मग एक दिवस 'लाटवार्ता'चा वार्ताहर पुंडलिक दारात हजर झाला. "छान बातमी होईल, वहिनी! सुईचा चमत्कार!"

"चमत्कार लिहू नका," मंदा म्हणाली. "कुत्रा पिसाळलेला होता का, ते मला ठाऊक नाय. डॉक्टरांनाही नाय. सुया घेतल्या, कारण घेतल्या नसत्या आन तो पिसाळलेला निघाला असता तर काहीच हाती उरलं नसतं. एवढंच लिहा. आन जिव्या मेला ते लिहा."

"ती बातमी जुनी झाली हो."

"खोटी होती ती. खोट्याला जुनं म्हणू नका."

पुंडलिक वही मिटून गेला. पुढच्या शनिवारी अंक आला. त्यात जिव्याचं नाव नव्हतं आणि शेवटच्या पानावर आप्पांची भातगिरणी जागच्या जागी होती.

धर्माजींनी तो अंक बाजूला ठेवला. पावसाळ्यातला जुना अंक काढून त्यांनी ती बातमी ओट्यावर पुन्हा मोठ्याने वाचली. या वेळी "असे कळते" आणि "असे सांगितले जाते" यांतलं एकही शेपूट त्यांनी गाळलं नाही. 'जिव्या आनंदाने घरी गेला' इथे बातमी संपली. धर्माजी थांबले. मग कागदावर नसलेली ओळ त्यांनी त्याच आवाजात वाचली.

"दिवाळीच्या अगोदर तो मेला. त्याची बायको नवसी पाड्यावर हाय. तिला कुनी विचारलं नाय."

वाचकहो, छापील अक्षरावर चिडू नका आणि त्याची पूजाही करू नका. बातमीत कोण बोललं ते बघा, कोणाला बोलू दिलं नाही ते शोधा आणि जेवण कुणाकडे झालं तेही विचारा. मग जमलं तर चपला घाला आणि बातमी जिथे संपते त्याच्या पुढच्या घरापर्यंत जाऊन या. मंदा गेली, म्हणून चंद्रकांताला सुया मिळाल्या. जिव्यासाठी असं जाणारं कुणी नव्हतं.