गुडघ्याने हिरावलेला हात

मी एक काठी. आज थोडं जळकं बोलणार आहे, ऐकून घ्या.

डोंगरावरच्या अभयारण्यात वादळाने एका जुन्या झाडाची फांदी मोडली. वनरक्षकाने ती घरी आणली आणि सुताराकडून मला घडवून घेतलं. दरडीवरून पडून त्याचा उजवा गुडघा कायमचा दुखावला होता. माझी मूठ त्याच्याच तळव्याच्या मापाने तासली गेली.

मग कितीतरी वर्षं आम्ही जोडीने गस्त घातली. पानगळीच्या दिवसांत तो कड्यावर थांबे, माझ्यावर दोन्ही हात ठेवून रान न्याहाळत बसे. मला मात्र त्या झाडांचा हेवा वाटायचा. त्यांचं गळलेलं सगळं पुन्हा फुटतं. माझं एक पानही परत आलं नाही. पण त्याचा हात माझ्या मुठीवर असायचा, म्हणून मी तो हेवा गिळून टाकायचे.

त्याची बायको म्हणायची, "यांनी सवत आणून ठेवलीय घरात." मी मनातून सुखावायचे.

मग त्याला नवा गुडघा बसवला. सुरुवातीला मी लागायचे, मग बायकोचा खांदा पुरू लागला. एका सकाळी तो कुणाचाच आधार न घेता अंगणापर्यंत जाऊन आला. सगळ्या घराला आनंद झाला. दाराआड, केरसुणीशेजारी, माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. एका गुडघ्याचा मत्सर! त्याने ना कधी पाऊस सोसला, ना चिखल.

पुढच्या पानगळीत तो बायकोला घेऊन कड्यावर निघाला आणि त्याने मलाही उचललं. मी फुशारले. पण वाटभर त्याने हात धरला तो तिचा. मी आपली काखेत.

वर पोचल्यावर तो तिला म्हणाला, "पाय गेला तेव्हा वाटलं, रानही गेलं. हिने ते माझ्याकडे राहू दिलं." बायकोने माझी मूठ पुसली.

उतरल्यावर त्याने मला अभयारण्याच्या फाटकावरच्या पिंपात ठेवलं. पाहुण्यांसाठी तिथे काठ्या असतात. घरात वाळवी खाईल, इथे कुणाच्या तरी कामी येईल, असं त्याने पहारेकऱ्याला सांगितलं. आभार मानले आणि देऊनही टाकलं!

आता रोज नवा हात. कुणाचा घामट, कुणाचा थरथरता. परवा एक निवृत्त परिचारिका मला घेऊन चढत होती. समोरून तो उतरला, ताठ, मोकळ्या हातांनी. मला पाहून थबकला.

"ताई, तिला दगडांत खुपसू नका. टोक झिजतं."

"तुमची आहे का?"

"होती," तो म्हणाला आणि आम्ही वळणाआड जाईपर्यंत आमच्याकडे पाहत राहिला. ती नजर मी ओळखली. दाराआडून मीही त्याच्या गुडघ्याकडे अशीच पाहायचे.

म्हणून विनंती एवढीच: डोंगरावर आलात तर मला निवडा आणि घट्ट धरा. तो वाटेत कुठेतरी असेलच. त्याला दिसू द्या.