डोक्यावरून उतरलेला टोप

जर्मनीत आणि जपानात कुणीतरी कुरापत काढली, तर बाळकुमच्या मिठागरात मीठ ओढणाऱ्या परशुरामाने डोक्यावर लोखंड का घ्यायचं? मी आगगाडीला विचारलं, बोटीला विचारलं, दारूगोळा वाहणाऱ्या खेचरालाही विचारलं. खेचराने निदान कान हलवले. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

मी लढाईतला लोखंडी टोप बोलतोय. शिपायाच्या डोक्यावर असतो तो, भाताचा नव्हे.

माझा जन्म बंगालकडच्या एका कारखान्यातला. तिथे आधी घमेली आणि बादल्या व्हायच्या. लढाई लागली आणि एका सोमवारी मुकादमाने साचे बदलले. सकाळच्या पाळीतला पत्रा घमेलं झाला, दुपारच्या पाळीतला मी झालो. थोडक्यात हुकलो.

आम्हाला एकात एक रचून गाडीत भरलं. वाटेत कळलं, सगळी दुनियाच साचे बदलून बसलीय. कपडे शिवणारे तंबू शिवत होते. बिस्किटवाले शिपायांसाठी विटांसारखी बिस्किटं भाजत होते. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर एका टेकडीवर मी पोचलो, तिथे ट्रक अमेरिकेचा, डब्यातलं दूध ऑस्ट्रेलियाचं, चहा आसामचा, साहेब स्कॉटलंडचा आणि डोकं बाळकुमचं. इतक्या मुलखांनी मिळून एक खंदक भरला, पण त्यात कोरडी जागा ठेवायचं एकालाही सुचलं नाही.

ते बाळकुमचं डोकं परशुरामाचं. ठाण्याला भरतीवाले मोटारीवर भोंगा लावून गाणी वाजवत आलेले. परशुराम बाजारात मीठ द्यायला गेलेला, तो छाती मोजून देऊनच घरी आला. माझ्यात तो तांदूळ धुवायचा, दाढीचं पाणी घ्यायचा, मला पालथा घालून वर बसायचा. डोक्यावर मी सगळ्यात कमी असायचो.

"परशा, डोकं आहे तिथे तरी ठेव की त्याला," त्याचा दोस्त धोंडीबा म्हणायचा. हा साताऱ्याकडचा.

"नको रे, याच्यात डोकं शिजतं."

"तुझं कच्चं होतंच कधी?"

एका दुपारी दोघांनाही तहान लागली. ओहोळ पन्नास पावलांवर. धोंडीबाची बाटली फुटलेली. तो म्हणाला, "टोप दे, पाणी आणतो." परशुरामाने मला उतरवून त्याच्या हातात दिलं. मी ओहोळात बुडून भरलो आणि आम्ही वर येत होतो, तेवढ्यात खंदकावर तोफेचा गोळा पडला. मी परशुरामाच्या डोक्यावर नव्हतो, इतकंच आत्ता सांगतो. पुढचं मला सांगवत नाही.

त्याच संध्याकाळी ती टेकडी सोडावी लागली. धोंडीबा तापाने फणफणत दवाखान्यात पडला, आणि परशुरामाच्या नावापुढे कुणीतरी 'बेपत्ता' लिहिलं. तसंच पत्र बाळकुमला गेलं.

लढाई संपली. टोप सरकारात जमा करायचा असतो. धोंडीबाने मला वळकटीत गुंडाळून पळवलं. त्याला शहाडला एका कारखान्यात पहारेकऱ्याचं काम मिळालं आणि सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात तो मला घेऊन बाळकुमला आला. परशुरामाच्या आईने, बायजाने, त्याला तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. शेजारी परशुरामाचा धाकटा भाऊ काळुराम बसलेला.

"कंदी येल माझा पोर?" बायजाने विचारलं.

धोंडीबाने घास खाली ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार?

"येईल मावशी," तो म्हणाला. "टोप पुढे पाठवलाय."

या एका वाक्याने घर अडकलं. काळुरामाचं कोलशेतच्या तुळसाशी ठरल्यात जमा होतं. पण थोरला बिनलग्नाचा असताना धाकट्याला हळद लावायची नाही, ही त्या घरची रीत. थोरला तर येणार होता. बायजा रोज सकाळी मला राखेने घासायची आणि दाराशी पालथा ठेवायची. दिवसभर कोंबड्या माझ्यावर चढून गावाची पाहणी करायच्या.

काळुराम मात्र माझ्याकडे बघायचा नाही. येता-जाता पाय लागला तर शिवी द्यायचा आणि मग कुणी नसताना येऊन माझ्यावरून हात फिरवायचा.

"आय, एकदा बोल ना, दादूस नाय येनार."

"तूच बोल."

"मी नाय बोलनार. माझे लगनासाठी मी दादूसला मारू?"

अशी तीन वर्षं गेली. शेवटी तुळसाच्या बापाने, महिपतने, निरोप धाडला. या वैशाखात लग्न होणार नसेल तर पोरीसाठी दुसरीकडून विचारणा आहे. काळुरामाने निरोप ऐकला, मला उचललं आणि सायकल मारत थेट शहाड गाठलं. कारखान्याच्या फाटकावर त्याने मला असं आपटलं की माझ्या कपाळाला पोचा आला. अख्ख्या लढाईत मला ओरखडा नव्हता.

"खरा बोल," तो म्हणाला. "माझा दादूस हाय का नाय?"

धोंडीबा खाली बसला. "मला वाटलं, टोप बघून तुम्हाला कळेल."

"आम्ही मीठवाले. आमाला टोपाचा काय कलतं?"

धोंडीबा त्याच दिवशी आमच्याबरोबर आला. बायजा अंगणात विळीवर बोंबील कापत होती. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ओहोळ, गोळा, सगळं. "टोप मी मागितला, मावशी. नाहीतर तो त्याच्या डोक्यावर असता."

बायजाने वर बघितलं. "मंग ते पानी? ते सांडलं?"

"थोडं सांडलं. मी पोचलो तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. टोपातलं पाणी त्याच्या तोंडात घातलं. दोन घोट गेले."

बायजाने विळी मिटली. "म्हंजे माझे पोराचे तोंडात पानी परलं."

"पडलं, मावशी."

"मी रोज सगल्या देवांना येवराच इचारीत व्हते. आनि ते तुला म्हाईत व्हतं." मग ती रडली. काळुराम तिच्या आधीच रडत होता, अगदी मोठ्याने, भिंतीला डोकं लावून. बऱ्याच वेळाने बायजाने डोळे पुसले आणि धोंडीबाला म्हणाली, "जेवून जा. बोंबील केलेत."

परशुरामाचे दिवस घातले आणि वैशाखात मांडव पडला.

आता सहा-सात वर्षं झाली. माझा तळ गंजून चाळणी झालाय, कोंबड्यासुद्धा माझ्यावर चढत नाहीत. एक मागणं आहे. पुन्हा कुठे साचे बदलायची वेळ आली, तर मुकादमाला म्हणावं, दुपारच्या पाळीलाही घमेलीच कर. तळ जायच्या आधी मी घरासाठी एक काम केलं, तेवढं सांगतो आणि गप्प बसतो.

इथे लग्न धवलारीण लावते, गाणी गाऊन. हळदीआधी ती घरातल्या गेलेल्या माणसांना नावाने मांडवात बोलावते. काळुरामाच्या हळदीला गंगुबाई धवलारीण पाटासमोर बसली आणि म्हणाली, "बायजा, नावं सांग."

बायजाने सासूचं आणि सासऱ्याचं नाव सांगितलं. नवऱ्याचं तिच्याऐवजी काळुरामाने सांगितलं. एकेका नावाला एकेक सुपारी पानावर बसली.

"अजून कोन?"

काळुराम मान खाली घालून बसला.

"परशुराम," बायजा म्हणाली.

ती उठली, मला घेऊन आली, काठोकाठ तांदूळ भरले आणि वर सुपारी ठेवली. गंगुबाईने परशुरामाचं नाव गाण्यात घेतलं. काळुराम पुढे सरकला आणि त्याने माझ्या काठाला कपाळ टेकवलं.

"दादूस, माझे लगनाला ये."

लोखंडाला काय येतं? जड होता येतं. मी होता येईल तेवढा जड झालो आणि पाहुणे उठेपर्यंत त्याच्या दादूसच्या जागेवर बसून राहिलो.