हिलाच नारू का नाही?

वत्सलाबाईंच्या घोट्यावरच्या फोडावर गावात आलेल्या एका बाबाने मंत्रलेल्या पाण्याची धार धरली आणि आतून पांढरा दोरा वळवळत बाहेर आला. आमचं अख्खं ब्राह्मणपुरी गाव तोंडात बोट घालून बघत होतं. "देखा? नागाचं पिल्लू!" म्हणत बाबाने दोरा कडुलिंबाच्या काडीला गुंडाळला आणि लोक त्याच्या पायांवर लोळण घेऊ लागले. ते पाय काही फार स्वच्छ नव्हते, पण ते जाऊ द्या.

ही सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. घरोघरी कोणी ना कोणी पाय धरून बसलेलं. पेरणी तोंडावर आणि नांगरामागे चालायला धड पाय नाहीत. या रोगाला नारू म्हणतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बाबा म्हणाला, हा नागाचा कोप. आता कोप म्हटला की कोप आणणारी कोणीतरी हवीच. तीही त्याने शोधली. डोंगरातून मजुरीला आलेली रूपलीबाई, तापीकाठच्या झोपडीत एका शेळीबरोबर एकटी राहणारी.

"सगळ्या गावाला नाग डसला, हिलाच का नाही?" बाबाने विचारलं. "साप कधी आपल्या मालकिणीला डसतो का?"

झालं! रूपलीबाई डाकीण ठरली. वत्सलाबाईंचे यजमान मोतीलालभाई म्हणजे गावचे पुढारी. सकाळी तिला हाकलून झोपडी मोडायची, असं त्यांनीच सांगून टाकलं. पावसाच्या तोंडावर ही बाई जाणार कुठे, हे एकानेही विचारलं नाही. लाज वाटते सांगायला.

नेमके त्याच सकाळी करणसिंग इंजिनियर आले. विहीर आटत चालली होती, ती खोल कशी करावी याचा सल्ला घ्यायला मोतीलालभाईंनीच त्यांना बोलावलं होतं. माणूस भारी तापट. काठावर उभं राहून त्यांनी बायकांचं पाणी भरणं पाहिलं. आमच्या विहिरीला पायऱ्या, आणि रीत अशी की आधी खालच्या पायरीवर पाय धुवायचे, मगच हंडा बुडवायचा. न धुतल्या पायांनी पाणी भरलं तर जलदेवता रागावते म्हणे. फोड ठणकत असला की पाय जरा जास्तच वेळ पाण्यात धरायचा, गार वाटायचं.

करणसिंग तिथून तडक चावडीवर आले. रूपलीबाई शेळीचं दावं धरून उभी होती. मोतीलालभाईंचा भाऊ सुपडू फोड घेऊन रांगेत बसला होता. करणसिंगांनी बाबाचा तांब्या बाजूला सारला आणि विहिरीचं साधं पाणी सुपडूच्या फोडावर ओतलं. मंत्र नाही, तंत्र नाही. थोड्याच वेळात पांढरा दोरा डोकावला.

"गार पाणी लागलं की हा किडा बाहेर येतो," ते म्हणाले. "बाबाने फक्त पाणी ओतलंय."

इंजिनियरच्याच अंगात नाग आहे, असं पुटपुटत बाबा झोळी आवरू लागला. इकडे करणसिंगांनी हंड्याचं पाणी धोतराच्या दुहेरी पदरातून गाळलं. कापडावर बारीक ठिपके वळवळत होते. विहिरीत पाय बुडाला की किडा पिल्लं सोडतो, पिल्लं या ठिपक्यांच्या पोटात जातात, ठिपके पाण्याबरोबर आपल्या पोटात, आणि वर्षभराने पायातून दोरा, असं त्यांनी सांगितलं. मग रूपलीबाईकडे वळून ती पाणी कुठलं पिते, ते विचारलं.

"तापीना झिरानं," ती खाली बघत म्हणाली. "इहिरनी पायरीवर तुम्ही आमले उतरू देतस का?"

मोतीलालभाईंची मान खाली गेली. आमच्या सगळ्यांचीच गेली. विटाळ नको म्हणून जिला आम्ही लांब ठेवलं, ती वाळूत खड्डा करून झिरपलेलं पाणी पीत राहिली. आणि सोवळेपणाने पाय धुणारे आम्ही त्याच पायांचं पाणी पीत राहिलो.

पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, वर रहाट लावा, म्हणजे कोणाचाच पाय पाण्याला लागणार नाही, हा करणसिंगांचा सल्ला. तोवर झिऱ्याचं पाणी प्या. झोपडी मोडायची गोष्ट मग कोणी काढली नाही.

बाबाचा प्रश्न खरं तर योग्यच होता: हिलाच का नाही? पण उत्तर शोधायच्या ऐवजी आम्ही ते त्याच्याकडून फुकटात घेतलं. बाबांनो, प्रश्न कोणीही विचारो, उत्तर आपण तपासावं. नाहीतर एखादीची झोपडी मोडते.

दुसऱ्या दिवशी आमच्या बायका हंडे घेऊन नदीत उतरल्या. वत्सलाबाई सगळ्यांत पुढे. झिऱ्याशी येताच सवयीने त्या पाय धुवायला वाकल्या. रूपलीबाईने हात आडवा धरला.

"पाय बाहेर ठेवा, बाई. हाई पानी सर्वासले पेवानं शे."